पाण्यातल्या झाडांना घातलेलं खत

काचेची पेटी मी पिंपरीहून रहाटणीला सायकलच्या कॅरिअरवर आणली. पेटी रिकामी, पोत्यात गुंडाळलेली. मासे वेगळे, गोड्या तेलाच्या घासून घासून धुतलेल्या डब्यात, हँडलला टांगलेले. पवना नदी ओलांडायच्या उतारावर पाणी गुडघ्याइतकं होतं. तिथं सायकल ढकलताना डबा हिंदकळला, तेव्हा मी घाबरून आत डोकावलो. पाच होते. तीन तांबूस सोनेरी आणि दोन काळे, करंगळीएवढे.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि आमच्या गावातले आम्ही चार-पाच जण तिथं लागलो होतो. मी प्रयोगशाळेत मदतनीस. बाटल्या उकळायच्या, मापं धुवायची, साहेब सांगतील ते वजन करून द्यायचं. त्या साहेबांची मुंबईला बदली झाली. बंगल्यातली माशांची पेटी बरोबर नेणं त्यांना जमणार नव्हतं. "कुणाला हवी आहे?" म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा सगळे हसले. मी मान खाली घालून म्हणालो, मला द्या.

शिफ्ट सुटल्यावर पेटी बांधायला गावचा एक सोबती मदतीला आला. दोरी आवळता आवळता म्हणाला, "काय राव, लोक मासळी बाजारातनं आणतात, तू सायबाच्या दिवाणखान्यातनं आणलीस!"

"पाळायचेत."

"माळकऱ्याच्या घरात मासे? मग एकेक तुळशीची माळ घाल त्यांच्या गळ्यात. म्हातारी आत तरी घेईल."

मी ती का मागितली, ते त्याला सांगितलं नाही. घरी माझी बायको होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसरा मुलगा अकरा दिवस जगला. बारशासाठी शेजारून मागून आणलेला पाळणा तसाच परत द्यावा लागला, आणि तो परत द्यायला तीच गेली, कारण मी कामावर होतो. त्यानंतर ती घरातलं, शेतातलं सगळं करायची, पण बोलायची नाही. विचारलं तेवढ्याला व्हय-न्हाई. मला तिच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. घरात हलतं-फिरतं काहीतरी असावं, असं वाटलं. एवढाच विचार.

आईनं मासे पाहिले आणि चक्क हात जोडले. ती देहूला नेमानं जायची. तिथल्या डोहातले मासे कुणी धरत नाही, लोक त्यांना लाह्या घालतात. "डोहातल्यावानी हायेत," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "पर जीव घरात आनलास तर जपाया पायजे. ह्या घरात मुक्या जिवाची हत्या व्हाया नगं. सांगून ठिवते."

पेटी ओसरीवर ठेवली, उजेड तिथंच होता म्हणून. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर बायको पेटीसमोर बसलेली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "अवं, ह्यांना दम लागतोय."

खरंच, पाचही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. साहेबांच्या बंगल्यात वीज होती, पाण्यात हवा सोडणारं यंत्र होतं. आमच्याकडं कंदील. तिनं आपणच उपाय काढला. पेटीतलं पाणी तांब्यात घ्यायचं आणि हातभर उंचावरून पुन्हा पेटीत सोडायचं. पाणी फेसाळलं की मासे खाली जायचे. दिवसभर, हातातलं काम टाकून, ती हे करायची. आणि बोलायची. माझ्याशी नव्हे, त्यांच्याशी. "काळ्या, सरक की मेल्या, त्या तांबड्याला खाऊ दे. काल सगळं तूच हादडलंस." मी दाराआड उभं राहून ऐकायचो. दोन वर्षांनी त्या घरात तिचा आवाज ऐकू येत होता.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "माझं चार दिस आलं की कोन वतनार पानी?"

बाजूला बसलेल्या बाईनं घरातल्या भांड्याला, पाण्याला हात लावायचा नाही, ही तेव्हा आमच्याकडची रीत. तसं गावभर होतं. आईला शेतातून सवड नव्हती आणि मी दिवसभर कारखान्यात. म्हणून साहेब जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाण्यात जिवंत झाडं लावा. नदीत मिळतील, पट्टीसारख्या पानांची. उजेडात ती पाण्याला हवा देतात, मग यंत्र नको. मात्र लावली की पंधरा दिवस हात लावायचा नाही. पहिल्यांदा पानं पिवळी पडतील, सडतील, तुम्हाला वाटेल मेली. मुळं धरली की नवी पानं येतात. नुसतं बघत बसायचं."

मी हो म्हणालो. शेतकऱ्याच्या पोराला झाड लावायला कुणी शिकवायचं, असंही मनात आलं.

रविवारी पवनेवर गेलो. धुणं धुवायच्या जागेच्या वरच्या अंगाला, संथ पाण्यात, लांब हिरव्या फितींसारखं गवत तळाशी डुलत होतं. मुळांसकट उपटून ओल्या धोतरात बांधून आणलं. वाळू सात पाण्यांनी धुतली. पेटीत वाळू पसरून एकेक रोप खोचलं. मागं सरून बघतो तर पहिलं रोप हळूच सुटून वर आलं. ते खोचलं तर दुसरं आलं. मग एकदम चार. मासे त्यांच्यामधून खुशाल हिंडत होते.

बायको खांबाला टेकून बघत होती. "शेतकऱ्याचं पोर म्हनं," ती म्हणाली. "पेरलेलं वर तरंगतंय." आणि हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. आई आतून बघायला आली, काय झालं म्हणून. मीही हसलो, पण ते बोलणं मला लागलं होतं, हे आज सांगायला हरकत नाही. शेवटी तिनंच रोपांच्या मुळांना सुतानं बारके गोटे बांधून दिले, तेव्हा कुठं झाडं उभी राहिली.

चार-पाच दिवस बरे गेले. मग पानं पिवळी पडायला लागली. टोकं पारदर्शक होऊन विरघळायची, बोट लावलं की लिबलिबीत. साहेबांनी हेच सांगितलं होतं, अगदी असंच. पण मासे पुन्हा वर येऊ लागले होते, तिचे चार दिवस तोंडावर आले होते आणि दारावरून जाणारा-येणारा विचारायचा, "काय, पीक कसं काय हाय?" पिवळं पान पाहिलं की आमच्या डोक्यात एकच गोष्ट येते. कांद्याला घालायला आणलेलं सल्फेटचं खत घरात पोत्यात होतंच. साखरेसारखं पांढरं. दोन वर्षं झाली होती ते गावात येऊ लागून. पिवळ्या पिकावर टाकलं की आठ दिवसांत हिरवं व्हायचं, माणसं डोळ्यांनी बघत होती.

ती बाजूला बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या शिफ्टला जाण्याआधी, मी अर्धी मूठ खत फडक्यात बांधलं आणि झाडांच्या मुळाशी वाळूत खोचलं. कारखान्यात मी चिमूटभर पावडर तीन-तीनदा तोलायचो. इथं मूठ. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. आठ दिवसांनी हिरवंगार झालं की मग सांगू, असं ठरवलं होतं. ती ओसरीच्या दुसऱ्या टोकाला घोंगडीवर बसलेली होती. "काय करताय?" तिनं विचारलं.

"झाड सरळ करतोय."

तिसऱ्या प्रहरी परत आलो तर आई ओसरीच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर रिकामं टोपलं होतं. पेटीत दोन मासे उताणे तरंगत होते. बाकीचे तीन एका कोपऱ्यात, वर, कल्ले लालभडक, एकसारखे हलत होते. मी बघताक्षणी ओळखलं. मुळापासची वाळू मीच उकरली होती, तिथंच पाणी गढूळ दिसत होतं.

आई म्हणाली, "कुनाचा हात लागला रं ह्याला?"

मी तोंड उघडणार होतो. उघडणार होतो, असं मला वाटतं. तेवढ्यात ओसरीच्या टोकाहून बायको म्हणाली, "माझा लागला, आत्याबाई."

"कवा?"

"दुपारी. एक झाड उपटून वर आलं व्हतं. मासं त्याला टकरा मारत व्हतं. घरात कुनी न्हवतं. म्या बोटानं दाबलं."

ते झाड मी सकाळी उकरल्यामुळं सुटलं होतं. तेही मला तिथंच कळलं.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर कदाचित मी बोललो असतो. ती हळूच म्हणाली, "बाई गं. अशा हातानं लोनचं नासतं, तुळस जळती. ह्यो तर जीव व्हता." आणि मग माझ्याकडं बघून, "तू सांग बाबा. तू शिकलेला. तुमच्या कारखान्यात काय म्हनत्यात? असं व्हतं का?"

दोघी माझ्याकडं बघत होत्या. आईच्या गळ्यातली माळ मला दिसत होती. मुक्या जिवाची हत्या नको, असं बजावणारी आई. मी म्हणालो, "काय सांगता येतं."

एवढेच तीन शब्द. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. आणि त्या वेळी मला बरं वाटलं. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट नंतर वाटलं. त्या क्षणी अंगावरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं, आणि ते कुणी उचललं हे दिसत असून मी ते परत मागितलं नाही.

संध्याकाळी आई दिवा लावायला आत गेली तेव्हा बायकोनं लांबूनच मला विचारलं, "माझ्यामुळंच झालं का हो?"

मी म्हणालो, "झालं ते झालं."

उरलेले तीन मासे सकाळपर्यंत गेले. आईनं ते पळसाच्या पानावर ठेवून नदीत सोडले. पेटी रिकामी करायचं काम मी स्वतःहून घेतलं. फडकं आधी काढलं, त्यातलं खत अर्धं विरघळलं होतं. वाळू उकिरड्यात पुरली. पाणी परड्याच्या कडेला ओतलं. मी ओतत असताना ती पुन्हा म्हणाली, "मी बोट लावायला नगं व्हतं ना?" मी बादली उचलून चालू लागलो. पाणी ओतलं तिथलं गवत पुढं पंधरा दिवसांत घोट्याएवढं वाढलं, काळंभोर हिरवं. त्या गवताकडं बघायला नको म्हणून मी काही दिवस परड्याच्या बाजूनं जात नव्हतो.

मासे विसरले जातील असं मला वाटलं होतं. मासे विसरले गेलेच. पण तिनं त्यांची सांगड त्या दोन मुलांशी घातली. हे मला लगेच कळलं नाही, हळूहळू दिसत गेलं. पेरणीला ती बियाणं दुसऱ्या बाईच्या ओटीत द्यायची, आपण मूठ टाकायची नाही. तुळशीला पाणी घालायला आईला हाक मारायची, एरवीच्या दिवसांतही. शेजारणीचं तान्हं मूल कुणी मांडीवर द्यायला लागलं की "माझं हात खरकटं हायेत," म्हणायची. हात कोरडे असायचे. गावातल्या बायकांनीही ते उचललं. हिचा हातगुण बरा नाही, असं आड बोलता बोलता समोर बोलू लागल्या. मी ऐकायचो आणि सायकलवर टांग टाकून कामावर निघून जायचो.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना लागला तेव्हा तिनं तिसऱ्यांदा विचारलं. "तवा माशांचं माझ्यामुळंच झालं असंल, तर ह्याचं कसं व्हईल?" मी म्हणालो, "नको ते मनात आणू नको." मुलगी झाली, धडधाकट झाली. मी मनाशी म्हटलं, आता मिटलं. पण ती मुलीला पाजायची आणि लगेच खाली ठेवायची. न्हाऊ घालणं, तेल लावणं, काजळ घालणं, सगळं आईनं केलं. आई गेल्यावर माझ्या बहिणीला बोलावून घ्यायची. लहानपणी आपल्या आईच्या हातचं तेल माझ्या मुलीला माहीत झालं नाही.

आमच्या गावच्या भोवती मग कारखान्यांवर कारखाने आले, वीज आली, बाजूला बसणं कितीतरी घरांतून गेलं. आमच्या घरात ते राहिलं. मुलगी मोठी झाली तेव्हा तिलाही बसवलं, आणि इतरांच्या मुलींपेक्षा कडक. मुलगी चिडायची. "आई, शाळेतल्या पोरी हसत्यात मला." ती म्हणायची, "हसू दे. तुला म्हाईत न्हाई काय व्हतं ते." मी त्या वेळी घरातच असायचो.

गेल्या वर्षी मुलीला चाकणच्या बाजूला दिलं. दिवाळीला आली तेव्हा तिला दिवस जाऊन तीन महिने झाले होते. पहिल्या आंघोळीला बहीण पोहोचली नव्हती, म्हणून बायकोनं भीत भीत तिच्या डोक्याला चमचाभर तेल घातलं. पाचव्या महिन्यात मुलीचं मूल गेलं.

जावई तिला विश्रांतीला आमच्याकडं सोडून गेला. ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. आईला हाका मारायची. बायको दारापर्यंत जायची, उंबऱ्यापाशी ताटली ठेवायची आणि मागं फिरायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यापुढं येऊन बसली. तांदळाचं सूप हातात होतं, पण निवडत नव्हती.

"तिला तुमच्या भैनीकडं धाडा," ती म्हणाली.

"का?"

"दिवाळीला म्या तेल घातलं तिच्या डोस्क्याला. पुन्यांदा तिला दिवस जातील, तवा मी जवळ नगं. माझ्यापासनं लांब ऱ्हायली तर तिचं तरी राहील."

मी तिच्याकडं पाहिलं. केस पांढरे झाले होते. वीस वर्षं ती आपलेच हात घरात चोरासारखे वागवत होती, आणि आता पोटच्या पोरीलाही त्यांच्यापासून लांब पाठवायला निघाली होती. मी म्हणालो, "मासे मी मारले."

तिला कळेना. "कुठलं मासं?"

मग सांगितलं. सकाळचं फडकं, अर्धी मूठ सल्फेट, वाळू उकरली म्हणून सुटलेलं झाड, उकिरड्यात पुरलेली वाळू. सगळं एका दमात सांगितलं, मधे थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

तिनं सुपातला एक खडा वेचून खाली टाकला. मग म्हणाली, "मग ती दोन?"

"कुठली?" म्हणून मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर समजलं. "नाही गं. तीही तुझ्यामुळं नाहीत. तुझ्या हातामुळं काहीच झालं नाही."

"हे तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"आन् मी इचारलं तुमाला."

"विचारलंस. तीनदा."

"चारदा," ती म्हणाली. "पोरगी झाली त्या सकाळी तुमी दारात आलात. मी म्हनलं, मी हिला घेऊ का? तुमी हसलात. तुमाला वाटलं, कवतिकानं इचारते."

मला ते आठवलं. मी हसलो होतो, हे आठवलं.

ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "उठा. पोरीला सांगा हे. माझ्या तोंडून तिला पटायचं न्हाई, मीच तिला उलटं शिकवलंय."

बापानं लेकीशी असलं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी उंबऱ्यावर बसलो आणि माशांपासून सुरुवात केली. नीट सांगता आलं नाही. "ती बाजूला बसलेली होती," इथं दोनदा अडखळलो. मुलगी भिंतीकडंच तोंड करून ऐकत होती. शेवटी फक्त एवढं म्हणाली, "आणि मी सहा वर्षं त्या कोपऱ्यात बसले, दादा."

मग ती उठून बाहेर आली. माझ्या जवळून गेली, पण माझ्याकडं न बघता. आईपुढं जमिनीवर बसली, तिचा उजवा हात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. बायकोनं हात काढून घेतला नाही. पण तो तिथं सैलही पडेना. बोटं ताठ, केसांपासून जराशी उचललेली, दुसऱ्याची वस्तू जपून धरावी तशी. मुलीनं ती बोटं आपल्या हातानं खाली दाबली. उचलली गेली की पुन्हा दाबली.

"तेल घाल ना गं," मुलगी म्हणाली.

"उद्या घालते," बायको म्हणाली. "आज नगं."

मी तेलाची वाटी आणायला उठलो होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. ती वाटी हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्या दोघींनी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि त्यांच्याजवळ जायचं मला धाडस झालं नाही.